वारा मोजणाऱ्या वाट्या



ऊस लोळला की बांधावर एकच बोलणे होते, "काय वारं होतं राव!" पण किती होतं, असे विचारले तर उत्तर नाही. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये सांगतो, उतारा टक्क्यांत सांगतो, काट्यावर किलोकिलोचा हिशेब मागतो. वारा मात्र अजून 'लई' आणि 'थोडा' यांतच अडकला आहे. म्हणून या अंकात वारा मोजण्याच्या साधनांची हकीकत देत आहोत.

वारा दिसत नाही, तेव्हा तो ज्याला ढकलतो ते मोजायचे, ही पहिली युक्ती. इटलीच्या आल्बेर्तीने 1450 च्या सुमारास ती मांडली. वरून टांगलेली एक फळी. वारा आला की ती उचलली जाते, आणि किती उचलली ते खुणांवर पाहायचे. 1805 साली इंग्रजी आरमारातील ब्यूफोर्ट यांनी तर यंत्राशिवायच वाऱ्याला 0 ते 12 असे अंक दिले. जमिनीवर ते असे वाचतात : पाने आणि बारीक काड्या सारख्या हलू लागल्या की 3, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटर. वाऱ्याच्या तोंडावर चालणे जड जाऊ लागले की 7, म्हणजे 50 ते 61. डहाळ्या मोडू लागल्या की 8. हे अंक आजही चालतात, आणि त्याला दमडी लागत नाही.

खरी सोय झाली 1846 मध्ये. आयर्लंडातील आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी आडव्या दांड्यांच्या टोकांना चार अर्धगोल वाट्या बसवल्या. वाटीची पोकळ बाजू वारा धरते, फुगीर बाजूवरून तो निसटतो. त्यामुळे वारं कुठूनही येवो, चक्र एकाच अंगाने फिरते; फेरे मोजले की काम झाले. मात्र वाटी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने पळते, तेव्हा सरळ तिनाने गुणा, हा रॉबिन्सन यांचा नियम पुढे टिकला नाही. गुणक 2 ते 3 च्या दरम्यान असून तो वाटीच्या व दांडीच्या मापावर बदलतो, असे चाचण्यांत दिसले. तोवर कित्येक वर्षे वह्यांमध्ये वारा फुगवून लिहिला गेला होता. काटा चुकला म्हणजे काय होते, हे ऊसवाल्याला सांगायला नको! 1926 मध्ये कॅनडाच्या पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे चक्र केले. आज खांबावर बहुधा हेच दिसते.

आपल्याकडे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, पण साधने बरीचशी परदेशातून येत. 1948 मध्ये अ‍ॅना मणी या बाई पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. त्यांनी जवळजवळ 100 उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवण्याची घडी बसवली. पवनऊर्जेसाठी देशभरचे वारे मोजण्याचे मोठे कामही त्यांचेच. पुण्यातच 1932 मध्ये शेतीच्या हवामानाची शाखा निघाली होती. तिला वाऱ्याची गरज वेगळी : वारा जमिनीतली ओल उडवतो. शेती वेधशाळेतल्या वाट्यांखाली गाडीच्या मीटरसारखे आकडे फिरतात. समजा, काल आणि आजच्या आकड्यांत 144 किलोमीटरचा फरक आला, तर सरासरी वारा ताशी 6. बाष्पीभवनाच्या हिशेबाला हा आकडा लागतो, आणि त्यावरून पाण्याची पाळी ठरवता येते.

उसाच्या दृष्टीने मात्र सरासरीपेक्षा झोत महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. ताशी 20 च्या वाऱ्यात डुलणारा आडसाली ऊस 60 च्या झोतात का झोपतो, ते यावरून ध्यानात येईल. त्यात रान ओले असेल तर मूळच सुटते. म्हणून वादळाचा इशारा असताना पाणी देऊ नये, आणि मोठी बांधणी व भर वेळेवर करावी. लोळलेल्या उसाला पांगशा फुटतात, उंदीर लागतात, तोडणीवाले नाक मुरडतात, उतारा घसरतो. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने धडकले. नाशिककडे येईतो जोर बराच ओसरला होता, म्हणून बचावलो.

आता हा आकडा पैशाशीही जोडला गेला आहे. हवामानावर आधारित केळीच्या विम्यात वेगाचा वारा हा एक धोका धरतात. शेजारच्या जळगावकरांना हे चांगले ठाऊक आहे. त्यासाठी 2017 पासून महसूल मंडळांत उभी राहिलेली 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रे वापरली जातात. वारा मोजणारा खांब उघड्यावर हवा. झाड किंवा घर त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब असावे, असा नियम आहे. आपल्या मंडळातले केंद्र कोठे आहे, भोवती बाभळी वाढल्या आहेत काय, वाट्या मोकळ्या फिरतात काय, हे जाता-येता पाहून ठेवावे. काही वावगे दिसले तर कृषी सहायकाच्या कानावर घालावे, आणि तेही वादळाच्या आधी.