रांगणे : तोल, घर्षण आणि अनुभव

स्थैतिक संतुलन शिकताना आपण शिडी, तुळई, क्रेन यांची गणिते सोडवतो. या टिपणात उदाहरण वेगळे घेऊ : रांगणारे बाळ. तुमच्या घरी भाचा, पुतणी किंवा निदान शेजारी एखादे बाळ असेलच, तेव्हा निरीक्षणासाठी प्रयोगशाळा लागणार नाही.

आधी देवघरातला पितळी रांगता बाळकृष्ण पाहा. एक हात उचललेला, त्यात लोण्याचा गोळा. दुसरा हात आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. टेकलेले बिंदू जोडून होणारा त्रिकोण म्हणजे आधारक्षेत्र. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा या त्रिकोणात पडते, म्हणून मूर्ती कलंडत नाही. चार पायांचा यंत्रमानव सावकाश चालवताना हाच नियम वापरतात : एका वेळी एकच पाय उचलायचा.

खऱ्या बाळाला मात्र पुढे जायचे असते. ते आधी हात-गुडघ्यांवर येऊन जागच्या जागी मागे-पुढे झुलते. आजी म्हणते, “आता रांगणार हं!” आणि तिचे निरीक्षण बरोबर असते, वजन एका आधारावरून दुसऱ्यावर नेण्याचाच तो सराव आहे. सराव मुरला की उजवा हात आणि डावा गुडघा जवळजवळ एकदम उचलले जातात. त्या क्षणी आधारक्षेत्राची चिंचोळी तिरपी पट्टीच उरते, आणि तोल सांभाळायचे काम धड, खांदे आणि कंबर यांच्यावर येते.

पण रांगण्याचे महत्त्व केवळ स्नायूंपुरते नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधक कॅरन अडॉल्फ यांनी बाळांना कमी-अधिक उताराच्या फळ्यांवर सोडून पाहिले (हा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला). नुकतीच रांगू लागलेली बाळे तीव्र उतारावरही बेधडक निघाली. पडू नयेत म्हणून शेजारी झेलणारे माणूस होते. काही आठवड्यांच्या अनुभवानंतर तीच बाळे कडेला थांबून अंदाज घेऊ लागली. पुढे ती चालायला लागली आणि त्याच उतारावर पुन्हा बेधडक निघाली! उभे राहिल्यावर गुरुत्वमध्य वर जातो, आधारक्षेत्र लहान होते. जुना अंदाज नव्या शरीरस्थितीला लागू पडत नाही. तो नव्याने कमवावा लागतो, आणि स्वतः हालचाल केल्याशिवाय मिळत नाही. बाळाला कडेवर घेऊन घरभर फिरवले तर घर दिसते, पण कोणती हालचाल केल्यावर काय घडते हे कळत नाही.

मग सगळ्यांनी रांगलेच पाहिजे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या पाहणीत (2006) हात-गुडघ्यांवर रांगण्याचा काळ साधारण 5.2 ते 13.5 महिने इतका लांबरुंद आढळला, आणि सुमारे 4.3 टक्के बाळे तसे रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरकते, कुणी बसल्या बसल्या घसरते. त्यामुळे “शेजारचा सातव्या महिन्यात रांगला” ही तुलना निरर्थक आहे.

मदत करायची म्हणजे मुख्यतः जमीन मोकळी करून द्यायची. बाळ जागे असताना, कुणीतरी जवळ बसून, त्याला रोज थोडा थोडा वेळ पालथे ठेवा (झोपवताना मात्र उताणेच). खेळणे हाताला लागेल-न लागेल इतक्या अंतरावर असावे. फार दूर ठेवले तर ते रडून मोकळे होते. घर्षणाचा विचार इथे उपयोगी पडतो. आमच्या रायपूरच्या शंकर नगरातल्या फ्लॅटमध्ये बहुधा गुळगुळीत टाइल्स असतात; त्यांवर मोजे घातलेले पाय घसरतात, पुढे ढकलायला पकड मिळत नाही. मोजे काढा आणि घट्ट बसणारी, सुरकुत्या न पडणारी चटई अंथरा. नाणी, बटन-सेल, कूलरची वायर आणि पाण्याची बादली आधीच हलवा. बादलीतले थोडेसे पाणीही जिवावर बेतू शकते.

चाकांचा वॉकर भेट म्हणून घेऊन जाणार असाल तर नका नेऊ, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात तोल बाळ सांभाळत नाही, चौकट सांभाळते. वेग मात्र बाळाच्या अंदाजापलीकडे जातो. जिन्यावरून पडण्यासारख्या अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

तारखेपेक्षा हालचालीच्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्या. बाळ सतत एकच बाजू वापरत असेल, एक पाय ओढत असेल, एक मूठ कायम मिटलेली असेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल किंवा आधी येणारी गोष्ट करेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर महिने अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (2013 पासून) जिल्हा केंद्रांत ही तपासणी मोफत होते. तिथवर पोहोचण्यासाठी अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे.