चालण्याआधीचा ‘वॉक’

बद्रुद्दीन काझी म्हटलं तर फार थोड्यांना ओळख पटेल. जॉनी वॉकर म्हटलं की लगेच चेहरा समोर येतो. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या या तरुणाला गुरुदत्तने सिनेमात आणलं आणि एका स्कॉच व्हिस्कीचं नाव दिलं. ती व्हिस्की स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकच्या जॉन वॉकरची. १८२० मध्ये त्याने तिथे किराणा दुकान काढलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या बाटलीवर उंच टोपी घातलेला, झपाझप पावलं टाकणारा एक माणूस आला, आणि वॉकर म्हणजे चालणारा ही समजूत पक्की झाली.

या आडनावाचा रस्त्यावरच्या चालण्याशी संबंध नाही. ते कापडाच्या धंद्यातून आलं आहे. मागावरून उतरलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून दाट करणारा कारागीर, तो वॉकर.

विणून झालं म्हणजे लोकरीचं कापड तयार झालं असं होत नसे. ताण्याबाण्यात फटी राहिलेल्या असत, धाग्यात मेंढीच्या अंगचा मेणचट चिकटपणा असे, आणि पिंजताना चोळलेलं तेल वेगळंच. इंग्लंडच्या पावसावाऱ्यात असलं कापड फारसं कामाचं नव्हतं. लोकरीच्या प्रत्येक केसावर अगदी बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि सतत दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सहजी सुटत नाहीत. कापड आटतं, जाड होतं. नीट तुडवलेल्या कापडात विणीची रेघही डोळ्यांना दिसत नाही, आणि वारा त्यातून सहजी आत शिरत नाही.

हे काम पायांनी होई. टाकीत कापड, त्यावर पाणी, पाण्यात शिळं मूत्र, आणि त्यात उभा राहून तासन्‌तास तुडवणारा माणूस. शिळ्या मूत्रातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटे. रोमन काळात या धंद्याला मूत्राची एवढी गरज होती, की सम्राट वेस्पासियनने त्यावर कर बसवला. पाँपेईतल्या अशाच एका कारखान्याच्या खांबावर टाक्यांत उभे राहून कापड तुडवणारे कामगार रंगवलेले होते. ती चित्रं आता नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. मूत्राच्या जोडीला एक चिकणमातीही वापरत. तेल शोषून घेणारी ही माती मराठी घरांत चांगली ओळखीची आहे, मुलतानी माती. चेहऱ्याला लावायच्या पुडीवर तिचं ‘फुलर्स अर्थ’ हे इंग्रजी नाव असतं, आणि त्यातला फुलर म्हणजे वॉकरचाच भाऊबंद. दोघांचा धंदा एकच.

‘वॉक’ या क्रियापदाचा प्रवास मात्र पायांपासून सुरू होत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप ‘वेआल्कन’ असं होतं आणि अर्थ होता लोळवणं, घुसळणं, उलटंपालटं करणं. ‘बिओवुल्फ’सारख्या जुन्या काव्यात समुद्राच्या लाटांच्या उसळण्याला याच धातूपासून झालेला शब्द येतो. पायी जाण्यासाठी लोक तेव्हा दुसरी क्रियापदं वापरत. जहाजावर चढायच्या ‘गँगवे’मध्ये त्यातलं एक अजून टिकून आहे. साधारण १२०० च्या सुमारास ‘वॉक’ला हिंडणं-फिरणं हा अर्थ आला, आणि हळूहळू त्याने जुन्या क्रियापदांची जागा घेतली.

हे कसं घडलं, यावर एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: कापड तुडवणारे जागच्या जागी पाय हलवत, म्हणून तुडवण्याचं क्रियापद चालण्याचं झालं. गोष्ट गोड आहे, पण पुरावा तिच्या बाजूने पुरेसा नाही. कापड तुडवणाऱ्या माणसासाठी ‘वेआल्केरे’ हा शब्द जुन्या शब्दसंग्रहांत सापडतो हे खरं. पण इंग्रजी लेखनात हे क्रियापद कापड तुडवण्याच्या अर्थाने दिसतं ते चालण्याचा अर्थ रुळल्यानंतर. तेव्हा लोळवण्या-घुसळण्याच्या मूळ अर्थातून एक फांदी कापडाकडे गेली आणि दुसरी रस्त्याकडे, असं मानणं जास्त सुरक्षित आहे.

इंग्रजीच्या नातेवाइकांकडे पाहिलं की हे अधिक पटतं. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही कापड किंवा कातडं दाबून-मळून काढणं. चालण्याचा अर्थ त्या शब्दाला कधी चिकटलाच नाही. उलट, याच क्रियापदावरून जर्मन माणूस एखाद्याला बेदम बडवण्याचीही भाषा करतो, अगदी आपण कणीक तिंबतो तशी. लोंबार्ड लोकांनी हा शब्द आल्प्सपलीकडे नेला, आणि इटालियनमध्ये कापड कुटणाऱ्या पाणचक्कीचं नाव ‘ग्वाल्किएरा’ झालं. काही भाषाभ्यासक या कुळाचं नातं संस्कृतातल्या ‘वल्ग्’ या उड्या मारण्याच्या धातूशी जोडतात. मराठीतली ‘वल्गना’ त्याच धातूची.

इंग्लंडमध्ये या एका धंद्याची तीन आडनावं झाली, आणि ती नकाशावर वेगवेगळी पसरली आहेत. उत्तरेत आणि पश्चिम मिडलंड्समध्ये वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. फुलर लॅटिनमधून आला. टकरचं मूळ क्रियापद छळणं, हाल करणं या अर्थाचं होतं, आणि कापडाचे होणारे हाल पाहता ते चपखल म्हणावं लागेल. वॉकर नाव मराठ्यांच्या इतिहासातही आहे. बडोद्याच्या गायकवाड दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याने १८०७ मध्ये काठियावाडातल्या संस्थानिकांच्या खंडणीचे करार केले, ते ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणून ओळखले जातात. तोही स्कॉटिश होता.

माणसाच्या पायांची जागा घ्यायला पाण्याचं चाक आलं. चाकाच्या दांड्यावरचे दाते लाकडी हातोडे उचलत आणि हौदातल्या कापडावर सोडून देत. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या इंग्लंडमधल्या जमिनींची ११८५ मध्ये पाहणी झाली, तिच्यात अशा गिरण्यांची नोंद आहे. एलेनोरा कारस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये या बदलाला थेट तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. वाहतं पाणी हवं म्हणून कापडाचा धंदा शहरांतून डोंगराळ खेड्यांकडे सरकला, असा त्यांचा दावा होता. नंतरच्या अभ्यासकांनी मजुरी आणि शहरी संघांचे नियम अशी इतर कारणं पुढे केली. दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी नांदल्या एवढं नक्की. चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ काव्यात कापड पायाखाली किंवा हातोड्यांखाली घट्ट करण्याचे दोन्ही पर्याय येतात. वेल्समध्ये या गिरणीला ‘पांडी’ म्हणत. १९१० च्या खाणकामगारांच्या दंगलीमुळे प्रसिद्ध झालेल्या टोनीपांडी या गावाच्या नावात तीच गिरणी आहे.

यात एक विलक्षण योगायोग आहे. इंग्लंडमध्ये धंद्यावरून पडलेली नावं वंशपरंपरेने चालू लागली, ती बहुतांशी याच तेराव्या-चौदाव्या शतकांत. म्हणजे तुडवणारे पाय टाकीतून बाहेर पडत होते, तेव्हाच त्यांच्या कामाचं नाव मुलानातवंडांना कायमचं मिळत होतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर मात्र हाताने काम चालू राहिलं आणि ते पूर्णपणे बायकांचं होतं. त्याला ‘वॉकिंग’च म्हणतात, पण स्पेलिंग वेगळं. लांब फळीभोवती बायका बसत, ओलं कापड फळीवर आपटत, घासत आणि सूर्याच्या दिशेने शेजारणीकडे सरकवत. एक जण गेलिक भाषेत ओळ उचले, बाकीच्या धृपद घेत. ताल चुकला की हात चुकत, म्हणून गाणं हे या कामाचं अवजारच होतं. १७७३ मध्ये सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉसवेल रासे बेटावर गेले, तेव्हा यजमानीणबाईंनी हा प्रकार जॉन्सनना मुद्दाम दाखवला. बायकांचा गलका टिपेला पोचलेला असतानाही जॉन्सन प्रश्न विचारत होते आणि त्यांचा आवाज वरच्या खोलीत ऐकू येत होता, असं बॉसवेलने लिहून ठेवलं आहे. जॉन लॉर्न कॅम्पबेल आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांनी ही गाणी १९६९ ते १९८१ या काळात तीन खंडांत छापली, म्हणून आज त्यांतली कितीतरी हाताशी आहेत.

बेटं सोडून कॅनडाच्या केप ब्रेटनला गेलेल्या कुटुंबांनी ही रीत बरोबर नेली. तिथे पुरुषही फळीशी बसू लागले आणि या मेळ्याला ‘मिलिंग फ्रॉलिक’ असं नाव पडलं. यंत्राच्या कापडाने या कामाची गरज केव्हाच संपवली. तरी केप ब्रेटनमध्ये लोक आजही फळीभोवती जमतात आणि केवळ गाण्यांसाठी कधीच तयार होऊन गेलेलं घोंगडं पुन्हा आपटत बसतात.