आंतरतारकीय युद्धे : कथेतली आणि गणितातली

आंतरतारकीय युद्धे तुम्ही कथांतून वाचली असतील, निदान पडद्यावर तरी पाहिली असतील. घोंघावत येणारी याने, लाल-हिरव्या किरणांचे पट्टे आणि कानठळ्या बसवणारे स्फोट! १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ने ही दृश्ये जगभर पोचवली. वास्तविक अवकाशात आवाज वाहून न्यायला हवा नाही, किरण विखुरायला धूळ नाही. म्हणून बाजूने पाहणाऱ्याला ना पट्टा दिसेल, ना स्फोट ऐकू येईल. पण या चुका किरकोळ. कथाकाराची खरी अडचण आहे अंतराची.

समजा, शत्रूचे यान ३ लाख किलोमीटरवर आहे. हे अंतर चंद्रापेक्षाही कमी झाले. प्रकाशाला ते कापायला १ सेकंद लागतो. म्हणजे तुम्हाला यान दिसते ते १ सेकंदापूर्वी जिथे होते तिथे. तत्क्षणी लेसर सोडलात, तरी तो पोचायला आणखी १ सेकंद. यान सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आडवे जात असेल, तर एव्हाना ते ६० किलोमीटर पुढे सरकले! नेम धरायचा तो रिकाम्या जागेवर. आणि शत्रूने मध्येच वेग बदलला तर?

आता व्याधाच्या ताऱ्याकडे पाहा. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून ‘मदत पाठवा’ हा निरोप निघाला, तर येईपर्यंत साडेआठ वर्षे गेली! मग लेखक काय करतात? एक तर यानाला क्षणात दूरवर ‘उडी’ मारायला लावतात, नाहीतर निरोप तरी क्षणात पोचवतात. असे निरोपयंत्र अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ साली कल्पिले व त्याला ‘अ‍ॅन्सिबल’ नाव दिले. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) या कादंबरीचा तर सारा डोलारा त्यावर उभा आहे. सापेक्षतावादाला मात्र हे यंत्र मान्य नाही.

जो हॉल्डेमन यांनी वेगळे केले. ते भौतिकी व खगोलशास्त्राचे पदवीधर. व्हिएतनाम युद्धात लढले, जखमी झाले. त्यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मध्ये उडी आहेच, पण उडीच्या जागेपर्यंत जायचे ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने. आणि अशा वेगात काळ मंदावतो. ही थाप नव्हे, बरे का! वातावरणात उंचावर जन्मणारे म्यूऑन कण सेकंदाच्या सुमारे २.२ दशलक्षांश काळातच नष्ट व्हायचे, म्हणजे सातशे मीटरही न जाता. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात.

वीस वर्षांचा एक सैनिक प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने व्याधाकडे जाऊन परतला, असे माना. (वेग वाढवण्या-घटवण्याचा काळ सोयीसाठी सोडून देऊ.) पृथ्वीवर १७.४ वर्षे लोटतील. त्याच्या घड्याळात सुमारे अडीच. त्याची जुळी बहीण सदतिशी ओलांडलेली असेल.

हॉल्डेमन यांचा नायक मँडेला असाच परततो. घर, भाषा, चालीरीती, सारे बदललेले. तिथे जीव रमेना म्हणून तो पुन्हा सैन्यात जातो. अखेरीस पृथ्वीवर अकराशेहून अधिक वर्षे उलटतात. रणांगणावरची पंचाईत तर आणखीच विचित्र! समोरचा शत्रू कोणत्या शतकातून निघाला, आपल्या मागच्या की पुढच्या, आणि त्याच्या हाती कोणते शस्त्र असेल, हे लढाईला तोंड लागेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.