सांबराची हाक का मानायची?

रानात वाघाचा माग काढताना हरणांच्या सगळ्या हाकांना सारखे वजन देता येत नाही. चितळ नुसत्या संशयानेही ओरडते, भेकर तर बराच वेळ भुंकत राहते. पण सांबर शेपूट उभारून, पाय आपटत, एकाच दिशेला नजर रोखून पुन्हापुन्हा ‘पोंक’ करू लागले, तर वाघ किंवा बिबट्या जवळ असण्याची शक्यता बरीच वाढते. सांबरही चुकते, हे खरेच. म्हणून वानरांचा खकार त्याच दिशेचा आहे का, तेही ऐकावे. ओरडणारे हरीण स्वतःचा ठाव उघड करते, मग ते वाघ पाहून ओरडेल कशाला, असा आक्षेप काहीजण घेतात. मात्र वाघाची शिकार लपण्यावर चालते. आपण दिसलो हे कळले की तो बहुधा नाद सोडतो. कुमाऊँत नरभक्षकांच्या मागावर जिम कॉर्बेट याच हाका ऐकत फिरे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुका गेल्या, पण ताडोबातले वाटाडे आजही त्याच ऐकतात.