जुन्या सर्व्हरवरील दप्तराचे स्थलांतर

अधिकाऱ्याची बदली झाली की कार्यभाराची यादी तयार होते. नोंदवह्या, संचिका व शिक्के मोजून दिले-घेतले जातात आणि उभयतांच्या सह्या झाल्यावरच हस्तांतरण पूर्ण मानले जाते. कार्यालयातील फाइली व ई-मेल जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर नेतानाही हीच शिस्त आवश्यक असते. एखाद्याचे निवृत्तिवेतन किंवा गावाची पाणीपुरवठा योजना ज्या पत्रावर अवलंबून आहे, ते पत्र या स्थलांतरात गहाळ होता कामा नये.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये यासंबंधी स्पष्ट तरतूद आहे. कायद्याने जतन करावयाचा इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही पाहता आला पाहिजे, तो मूळ माहितीशी तंतोतंत जुळला पाहिजे आणि तो कोणी, कोणास व केव्हा पाठविला हे त्यावरून कळले पाहिजे. अर्थात, केवळ मजकूर नेणे पुरेसे नाही.

प्रथम यादी, नंतर नक्कल

प्रारंभी प्रत्येक खातेदाराचे नाव, त्याच्या फाइलींची संख्या व एकूण आकार यांची यादी करावी. लिनक्स पद्धतीच्या सर्व्हरवर फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेला असतो. नव्या सर्व्हरवर तोच क्रमांक दुसऱ्या कर्मचाऱ्यास दिलेला असल्यास एकाचे दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. म्हणून क्रमांकांचा मेळ आधीच घालावा.

फाइली नेण्यासाठी १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘आरसिंक’ ही आज्ञावली उपयुक्त ठरते. तिच्या साहाय्याने पहिली संपूर्ण नक्कल कामकाज चालू असतानाच काढता येते. पुढील खेपेस केवळ बदललेला भाग नेला जातो. त्यामुळे काम बंद ठेवण्याचा अवधी अल्प राहतो.

टपालाची व्यवस्था

ई-मेलच्या ‘आयमॅप’ पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि कप्पे व वाचल्याच्या खुणा यांसह ती हलविता येतात. मात्र प्राप्तीची मूळ तारीख कायम राहील याची दक्षता घ्यावी. अन्यथा सर्वच पत्रांवर स्थलांतराच्या दिवसाची नोंद दिसू शकते. ‘पॉप’ पद्धतीने उतरवून घेतलेली पत्रे बहुधा कर्मचाऱ्याच्या संगणकावरच असतात. ती स्वतंत्रपणे गोळा करावी लागतात.

टपाल कोणत्या सर्व्हरवर द्यावयाचे, हे इंटरनेटवरील ‘एमएक्स’ नोंद सांगते. अन्य यंत्रणा ही नोंद ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. हा काळ ८६,४०० सेकंद, म्हणजे एक पूर्ण दिवस असल्यास, बदलापूर्वी किमान एक दिवस तो ३०० सेकंदांवर आणावा. तरीही काही टपाल जुन्या पत्त्यावर येऊ शकते. यास्तव जुना सर्व्हर लगेच बंद न करता तेथे आलेली पत्रे पुन्हा एकदा नव्या सर्व्हरवर न्यावीत.

पडताळणी

अखेरीस मूळ यादीशी संख्या व आकार ताडून पाहावा आणि प्रत्येक खातेदाराने आपले दप्तर तपासून तशी लेखी खात्री द्यावी. तोवर जुना साठा केवळ वाचनासाठी राखून ठेवावा. त्यानंतरच तो पुसावा. नागरिकाने आपल्या अर्जाची विचारणा केल्यास ‘सर्व्हर बदलला’ हे उत्तर होऊ शकत नाही.