मार्फन सिंड्रोम: डोळ्यातलं भिंग का सरकतं आणि आपण काय करायचं?

पावसच्या या व्याख्यानात आपण एका मुलापासून सुरुवात करू. उंच, सडपातळ, लांबसडक बोटं, आणि चष्म्याचा नंबर सारखा वाढतोय. आपण म्हणतो, मोबाईलमुळे. बहुतेकदा ते खरं असेलही. पण कधीकधी कारण मार्फन सिंड्रोम असतं.

1896 मध्ये पॅरिसच्या आंत्वान मार्फान या डॉक्टरांनी अशा एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं. आज आपल्याला माहीत आहे की दोष एफबीएन-1 या जनुकात असतो. त्यामुळे फायब्रिलिन हे प्रथिन नीट तयार होत नाही. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मात्र सुमारे पाव रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

आता डोळ्याचं बघू. मच्छरदाणीची एका कोपऱ्याची दोरी सैल झाली, की ती दुसऱ्या बाजूला ओढली जाते ना? डोळ्यातलं भिंगही चहूबाजूंच्या बारीक तंतूंवर टांगलेलं असतं, आणि ते तंतू फायब्रिलिनचेच. ते सैल पडले की भिंग सरकतं, बहुधा वरच्या बाजूला. निम्म्याहून जास्त रुग्णांत हे होतं. नुसता नंबर तपासून ते कळेलच असं नाही. थेंब घालून, बाहुली मोठी करून बघावं लागतं.

उपचार काय? आधी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स. लहानपणी हे टाळलं तर डोळा आळशी होतो, मग नंतर चष्मा देऊनही पूर्ण दिसत नाही. चष्म्याने भागेना, तर शस्त्रक्रिया. ती नेहमीच्या मोतीबिंदूसारखी सोपी नसते, कारण नवं भिंग ठेवायची पिशवीच सैल असते. म्हणून पडद्याचे तज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच करावी. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाबही दरवर्षी तपासायचा.

डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले, पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रत्नागिरी इथून वीसेक किलोमीटर. उद्यावर ढकलू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. याच दोषामुळे हृदयातून निघणारी महाधमनी फुगते. ती फाटली तर जीव जातो. म्हणून भिंग सरकलेलं दिसलं, की हृदयाची इको तपासणी करायलाच हवी. वेळेत कळलं तर औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे. अशा माणसाने आंब्याच्या जड पेट्या उचलणं, धक्काबुक्कीचे खेळ खेळणं टाळावं.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 2013 मध्ये हा कार्यक्रम पालघरहूनच सुरू झाला. त्यांना मुलाचा नंबर, उंची, घरातला इतिहास, सगळं सांगा. एकाला निदान झालं, तर भावंडांना आणि आईवडिलांनाही तपासून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.