माळ्यावरचं बोचकं

धुळ्यात जुने कागद मरतात ते दिवाळीच्या आधी. रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा होतो; पितळेची भांडी मोडीत जातात, कागद रद्दीत. त्याहून वाईट काळ म्हणजे वाडा बिल्डरला दिल्यानंतरचे आठ-पंधरा दिवस. भावाभावांत वाटणी चाललेली असते. सागवानी खांबाला गिऱ्हाईक असतं, बोचक्याला कुणी नसतं. आमच्या चार-दोन मंडळींचं काम तेव्हा वाढतं. एक निवृत्त शिक्षक, एक औषधांचे दुकानदार, दोन-तीन कॉलेजची पोरं आणि मी. आम्हाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, गल्लीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "जिभाऊ, बोचकं निघालंय, लवकर या."

या गावाला कागद जपण्याची सवय जुनी आहे. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि पांझरेकाठची पेठ वाढली. त्या पेठेत, जिथे गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात, 1893 मध्ये शंकर श्रीकृष्ण देव आणि त्यांच्या मित्रांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. देवांनी रामदासी मठांतून हस्तलिखितं जमवली. त्यातून समर्थ वाग्देवता मंदिराचा संग्रह उभा राहिला. इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 चा आणि एकूण खंड 22, गावोगाव दफ्तरं शोधत फिरले आणि 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी गावानं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. मोठी माणसं होती हे खरं, पण कागद देणारी घरं होती म्हणून त्यांचं काम झालं, हे सांगायचं राहून जातं.

बोचकं हाती आलं की पहिली बंदी सुरीवर. गाठ कापायची नाही, सोडवायची. त्याआधी बोचक्याचा जसा आहे तसा फोटो काढायचा, कारण आत कुठल्या कागदावर कुठला कागद होता हेही एक पुरावा असतो. घरमालकाला हे पटत नाही; तो म्हणतो, "ओता ना एकदाचं." ओतलं की खरेदीखत आणि त्याच्यासोबत ठेवलेली बायकोच्या दागिन्यांची यादी वेगळी होते, मग कुणी कितीही हुशार असो, दोन्हीची सांगड पुन्हा बसत नाही. कापड झटकायचं नाही, जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर सोडायचं. पडते ती धूळ, कसर, आणि कधी कधी बारीक चमकती वाळू. पूर्वी ओली शाई टिपायला कागदावर वाळू टाकत. दीडशे वर्षांनी ती घडीतून निसटते. मऊ ब्रश मधून कडेकडे फिरवायचा. थुंकी लावलेलं बोट कागदाजवळ आणायचं नाही, सेलोटेप तर घरातच ठेवायची नाही. टेपनं जोडलेला कागद टेपच्या जागीच पिवळा होऊन आधी मोडतो.

खानदेशातल्या मे महिन्यात बुरशीची भीती कमी, पण कागद पापडासारखा कडक होतो. गंमत अशी की चिंध्यांपासून केलेला जुना हातकागद वाकतो आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला गिरणीचा कागद घडीवर तुटतो. काजळाची शाईही तशीच. उन्हानं फिकट होत नाही, पाण्यानं मात्र पसरते. म्हणून पुसणं नाही.

मग वाचन. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकत जातात. आमच्या शिक्षकांना मोडी येते, पण त्यांनाही घाम फुटतो तो तारखेपाशी. "सन इसन्ने तिसैन मया व अलफ" म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण 1192; हा शुहूर सन, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे 1791-92. हे जमलं की घरातली पोरं पहिल्यांदा पुढे सरकतात. पण खरं सांगायचं तर असे कागद क्वचित निघतात. निघतात ते जिनिंग फॅक्टरीच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, सावकाराची खाती. यजमानांचा चेहरा उतरतो. त्यांना शिवकाळ हवा असतो. माझ्या मते गल्लीचा इतिहास त्या कापसाच्या पावतीतच जास्त आहे: वजन, भाव, आणि गाडीवानाचं नाव, जे दुसऱ्या कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही.

सगळ्यात अवघड काम फोटोंचं. पाठीमागे काही लिहिलेलं नसतं. पुरुषांची नावं घरातले पुरुष सांगतात, बायकांपाशी आले की "त्या कुणीतरी पाहुण्या." मग आम्ही फोटो घेऊन ओट्यावरच्या आजींकडे जातो. एका आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "हाई ते मनी नणंद शे." नंतर अर्धा तास त्या नणंदेचं सासर, तिची जाळी लावलेली बैलगाडी आणि तिच्या हातचे मांडे. हे सगळं आजी बोलतात तसंच, अहिराणीत उतरवायचं. प्रमाण मराठीत आणलं की अर्धी माणसं निघून जातात. याची साक्ष जळगावात आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, त्यांच्याच बोलीत जपली नसती तर 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्यानंतर ती चौधरी वाड्यात कुणाच्या तरी कानात उरली असती. 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज त्याच वाड्यात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे.

ऐकलेलं सगळं खरं नसतं, हे सांगायलाच हवं. खानदेशात घरोघरी एक आजोबा 1936 च्या फैजपूर काँग्रेसमध्ये स्वयंसेवक होते. खेड्यातलं ते पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबूचे मंडप सजवलेले. तिथे असावंसं कुणालाही वाटेल. आम्ही आजोबांना खोटं पाडत नाही. "घरच्यांच्या सांगण्यानुसार" असं लिहितो आणि बिल्ला किंवा पत्र मिळालं तर शेजारी त्याचा फोटो लावतो.

मूळ कागद घरीच राहतात. आम्ही त्यांचा फोटो घेतो आणि एका चिठ्ठीवर लिहितो: कुठल्या गल्लीतलं घर, कुणी दिलं, कोण काय म्हणालं. एखाद्या संस्थेच्या कपाटात गेलेला कागद टिकतो. पण तो कुठल्या माळ्यावरून आला हे चिठ्ठीत नसेल तर अभ्यासक त्याचं करणार काय? या चिठ्ठीवरूनच सध्या आमच्यात भांडण आहे. दोन भाऊबंद एकाच वाड्याच्या विहिरीवर हक्क सांगतात, आणि दोघांच्या आजोबांच्या सह्या एकाच पावतीवर आहेत. शिक्षक म्हणतात, दोघांचंही म्हणणं लिहा. दुकानदार म्हणतात, कोर्टात कुणीतरी आपलीच चिठ्ठी दाखवेल. सध्या पावतीचा फोटो आहे, चिठ्ठी कोरी आहे.